फंक्शन परत कसं येतं? कर्जतचं बँकर, खोपोलीचं पॉवरहाऊस आणि केंब्रिजचं एक कपाट

आजचा भाग कर्जतमधूनच, घरातून रेकॉर्ड करतोय. मध्येच इंजिनाचा हॉर्न ऐकू आला तर कापणार नाहीये, कारण आज तो हॉर्न विषयाचाच भाग आहे.

मागच्या आठवड्यात खोपोलीहून एक मेसेज आला. मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम. तिने लिहिलं होतं, "दादा, व्हेरिएबल कळलं, इफ-एल्स कळलं, लूपसुद्धा जमला. फंक्शनला गाडी अडकली. वर्गात सगळे व्याख्या घडाघडा म्हणतात, मला काही कळत नाही. पुढच्या आठवड्यात फीचा दुसरा हप्ता आहे. भरू का सोडून देऊ?" सोबत तिच्या प्रोग्रॅमचा फोटो.

प्रोग्रॅम अगदी साधा. खोपोली ते कर्जत रिक्षाचं भाडं काढायचं. किलोमीटर गुणिले २०, अधिक ४०. (आकडे तिने मनाने घेतलेत, रिक्षावाल्या काकांनी रागावू नये.) तिने 'भाडं' नावाचं फंक्शन लिहिलं, त्याला १५ किलोमीटर दिले, आणि स्क्रीनवर आलं ३४०. बरोबर! मग तिने खाली लिहिलं की आलेलं उत्तर 'एकेरी' नावाच्या डब्यात ठेव आणि त्याची दुप्पट कर, कारण जाऊन-येऊन भाडं हवंय. तिथे पायथनने लाल अक्षरांत एरर दिला. म्हणे, डब्यात 'नन' आहे, म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाही याची दुप्पट करता येत नाही.

तिचा प्रश्न होता, "३४० तर डोळ्यांसमोर दिसतंय. मग हा काहीच नाही कसं म्हणतो?"

मला हा प्रश्न फार आवडला. हे तिचं एकटीचं अडणं नाही. फंक्शनमध्ये जाऊन काम करणं आणि तिथून काहीतरी घेऊन नेमकं परत येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातली दुसरी जमवायला माणसांना चांगलंच डोकं लावावं लागलंय. आज तोच इतिहास. सुरुवात आपल्या स्टेशनापासून.

कर्जतला मुंबईहून आलेली पुण्याची गाडी का थांबते? दिवाडकरांचा वडापाव खायला, असं आपण सगळे म्हणतो. खरं कारण गाडीच्या मागच्या टोकाला असतं. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटरचा बोरघाट, आणि त्याचा सगळ्यात उभा चढ १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ म्हणजे भिंतच. या घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली पुरं झालं. मधल्या काळात मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत यायची, इंग्रज त्याला 'कॅम्पूली' म्हणायचे, आणि तिथून लोक पालखीत, तट्टावर नाहीतर गाडीत बसून घाट चढायचे. वर खंडाळ्याला पुन्हा रेल्वे. म्हणजे खोपोलीची लाइन घाटातल्या लाइनीपेक्षा जुनी आहे. खोपोलीकरांनो, हे कर्जतकरांना जरूर ऐकवा.

तर एवढा चढ चढायला जादा इंजिनं लागतात. ती मुंबईपासून प्रत्येक गाडीला जोडून आणायची का? मुंबई ते कर्जत शंभर किलोमीटर सपाटीवर त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून ती घाटाच्या पायथ्याशी ठेवली. गाडी येते, बँकर मागून लागतात, ढकलत वर नेतात, लोणावळ्याला सुटतात, आणि परत कर्जतला येऊन पुढच्या गाडीची वाट बघतात. गाडी डेक्कन क्वीन असो नाहीतर कोळशाची मालगाडी, बँकर तेच. बँकरला गाडीत कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही, आणि प्रवाशाला बँकर कसं चालतं हे माहीत असायची गरज नाही.

फंक्शनचा पहिला अर्धा भाग हाच. एक ठरावीक काम, एकदाच तयार करून एका जागी ठेवलेलं, लागेल त्याने बोलवायचं. बोलवणं म्हणजे 'कॉल'.

आता या अर्ध्या भागाची किंमत मला कशी कळली ते सांगतो. पहिली नोकरी. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीच होती. ट्रक वाहतुकीचं सॉफ्टवेअर होतं. एका फेरीचा हिशोब, म्हणजे किलोमीटर, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, हा ९ वेगवेगळ्या स्क्रीनवर लागायचा. मी काय केलं? एकदा लिहिलं आणि ९ ठिकाणी कॉपी-पेस्ट. चाललं की! सहा महिन्यांनी टोलचा दर बदलला. मी शोधून शोधून ८ ठिकाणी बदल केला. नववं राहिलं. ते नेमकं ड्रायव्हरच्या पगाराच्या स्लिपवरचं होतं. एक महिनाभर वाढलेला टोल ड्रायव्हरच्या खिशातून कापला जात होता, आणि बाकी सगळे रिपोर्ट बरोबर दिसत असल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. शेवटी खालापूरकडचे एक ड्रायव्हरकाका वहीत पेनाने लिहिलेला हिशोब घेऊन ऑफिसात आले. त्यांची वही बरोबर होती, माझं सॉफ्टवेअर चूक. पैसे परत मिळाले त्यांना, पण त्या महिन्यात त्यांनी मुलीची फी उसने घेऊन भरली होती, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. इंजिनीअरिंगला असताना परीक्षेत "फंक्शनचे फायदे लिहा" यावर मी ५ पैकी ५ मार्क घेतले होते.

आता हीच अडचण १९४५ च्या आसपास अमेरिकेत कुणाला आली ते बघा. फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर तयार होत होता, तोफगोळ्यांचे मार्ग काढायला. त्यात प्रोग्रॅम टाइप करायची सोयच नव्हती. केबली इकडून तिकडे जोडायच्या, स्विच फिरवायचे, हाच प्रोग्रॅम. हे काम सहा तरुणींकडे होतं. त्यांतली एक कॅथलीन मॅकनल्टी, सगळे तिला के म्हणायचे. मोठ्या गणितासाठी यंत्राची जोडणी पुरेना, तेव्हा एकदा जोडलेला भागच पुन्हा पुन्हा वापरायचा, आणि त्यासाठी यंत्रातला 'मास्टर प्रोग्रॅमर' नावाचा भाग कामाला लावायचा, ही कल्पना के यांची होती, असं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांची सहकारी जीन बार्टिक यांनी हे सांगून ठेवलंय. १९४६ च्या फेब्रुवारीत एनिअ‍ॅक जगासमोर आला तेव्हा मात्र कौतुक यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचं झालं. या सहा जणींकडे जगाचं लक्ष जायला कित्येक वर्षं लागली.

अजून एक गोष्ट, खास त्या मेसेजवाल्या मुलीसाठी. के यांचा जन्म १९२१ सालचा, आयर्लंडमधल्या डोनेगलचा. १९२४ साली कुटुंब अमेरिकेत आलं तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. घरात आयरिश भाषा. इंग्रजी त्या तिथे गेल्यावर शिकल्या.

पण एनिअ‍ॅकमधली केबलींची गोष्ट फार पुढे जाणारी नव्हती. खरा पेच नंतर आला, जेव्हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मेमरीतच साठवायला लागले. चला केंब्रिजला.

६ मे १९४९. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या यंत्राने पहिला प्रोग्रॅम चालवला, आकड्यांच्या वर्गांचा तक्ता छापला. प्रमुख होते मॉरिस विल्क्स. सगळे खूश. मग विल्क्स यांनी पहिला जरा मोठा, खऱ्या गणिताचा प्रोग्रॅम लिहिला. १२६ ओळी. त्यात सुमारे २० चुका निघाल्या! प्रोग्रॅमिंग म्हणजे सूचना लिहिल्या की झालं, असं तोवर सगळ्यांना वाटत होतं. आपलं उरलेलं आयुष्य बरंचसं स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे, हे विल्क्स यांना त्या दिवसांत एकदा जिना चढताना अचानक जाणवलं, असं त्यांनी नंतर लिहिलंय. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाचा तो जिना कुठेतरी असतोच.

उपाय सरळ होता. वर्गमूळ काढणं, साइन-कोसाइन, आकडे छापणं, हे तुकडे एकदाच नीट लिहायचे, तपासायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचे. हे काम प्रामुख्याने डेव्हिड व्हीलर नावाच्या मुलाने केलं. मुलगाच म्हणतो, १९४९ साली तो २२ वर्षांचा होता, माझ्यापेक्षा लहान. प्रत्येक तुकडा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर असायचा आणि या पट्ट्या एका स्टीलच्या कपाटात ठेवलेल्या. तुम्हाला वर्गमूळ हवंय? कपाटातून पट्टी काढा, मशीनवर तिची नक्कल तुमच्या पट्टीत उतरवा, मूळ पट्टी परत जागेवर. आज आपण 'लायब्ररी इम्पोर्ट कर' म्हणतो ना, तो शब्द इथे अक्षरशः खरा होता. १९५१ पर्यंत कपाटात ८७ तुकडे जमले होते. त्यांना नाव होतं 'सबरूटीन'. फंक्शनचं हे जुनं नाव.

आता पेच. नीट ऐका, मोबाइलवर दुसरं काही चालू असेल तर बाजूला ठेवा.

कॉम्प्युटर सूचना एकापाठोपाठ एक वाचतो. १, २, ३, ४. समजा ४ नंबरला तुम्ही म्हणालात, "आता वर्गमूळाच्या तुकड्याकडे जा, तो २०० नंबरपासून सुरू होतो." गेला. जाणं सोपं आहे, २०० हा आकडा सांगितला की झालं. पण तुकडा संपल्यावर कुठे यायचं? ५ वर. आणि पुढे ६० नंबरवरून पुन्हा वर्गमूळ बोलावलं तर? मग ६१ वर. तुकडा तोच, पण परतीचा पत्ता दर वेळी वेगळा. तुकडा लिहिणाऱ्याला तो आधी माहीत असणं शक्यच नाही, कारण त्याने लिहिलं तेव्हा तुमचा प्रोग्रॅम जन्मालाही आला नव्हता.

इथे आपल्या बँकरची उपमा थोडी लंगडी पडते, कबूल. बँकरला नेहमी कर्जतलाच परत यायचंय. फंक्शनला मात्र जो बोलवेल त्याच्या दारात परत जायचंय.

व्हीलरने जी युक्ती काढली तिला आज 'व्हीलर जंप' म्हणतात. तुकड्याची शेवटची ओळ त्याने कोरी ठेवली. बोलवणारा प्रोग्रॅम निघताना आपण कुठून निघालो तो पत्ता यंत्राच्या हातात देतो. तुकडा सुरू झाला की पहिलं काम वर्गमूळाचं नाही, तर हातातला पत्ता घेऊन त्यापासून "अमुक ठिकाणी परत जा" अशी सूचना तयार करायची आणि ती आपल्याच शेवटच्या कोऱ्या ओळीत लिहायची. मग निवांत काम करायचं. काम संपतं, शेवटची ओळ येते, तिथे परतीचा पत्ता तयार. म्हणजे तुकडा दर वेळी स्वतःचा शेवट स्वतः लिहितो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री लोकलमध्ये होतो, आणि नेरळ कधी गेलं कळलं नाही.

त्यात एक खोट होती. कोरी ओळ एकच. तुकड्याने काम चालू असताना स्वतःलाच पुन्हा बोलावलं, तर नवा पत्ता जुन्या पत्त्यावर लिहिला जाणार आणि मूळ घर हरवणार. यावरचा उपाय म्हणजे पत्त्यांची चवड. भाकऱ्यांची चवड असते तशी: नवा पत्ता वर ठेवायचा, परत जाताना वरचाच आधी उचलायचा. गंमत म्हणजे अ‍ॅलन ट्युरिंगने १९४५ च्या शेवटी लिहिलेल्या अहवालात ही कल्पना होती. पत्ता 'पुरणं' आणि 'उकरणं' असे शब्द त्याने वापरले होते. पण त्याचं यंत्र रखडलं. पुढे १९६० च्या सुमारास ही चवड पक्की रुळली. आज तुमच्या फोनमध्ये दर सेकंदाला असले असंख्य पत्ते चवडीवर चढतायत आणि उतरतायत.

'फंक्शन' हा शब्द तसा गणितातून आला, सतराव्या शतकातल्या लायब्निझपासून. प्रोग्रॅमिंगमध्ये तो नीट बसला १९५८ च्या फोरट्रान-२ या भाषेत. 'कॉल' आणि 'रिटर्न' हे दोन शब्दही त्याच भाषेत थेट आज्ञा म्हणून आले. व्हीलरची सगळी कसरत आता एका शब्दात मावली.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९६० साली मुंबईत टीआयएफआरमध्ये भारतात बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात. टिफ्रॅक हे नाव १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी दिलं. मग १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन यंत्र आलं आणि मुंबईतले शास्त्रज्ञ फोरट्रान लिहू लागले. ही संस्था मुंबईच्या कुलाब्यात. आपला रायगड जिल्हाही तेव्हा कुलाबा जिल्हाच होता, १९८१ साली नाव बदललं. नावापुरतं का होईना, नातं जोडून घेतो.

आता परत त्या ३४० कडे. यासाठी तुला लांब जायला नको, तुझ्याच गावात १९१५ सालापासून एक फंक्शन चालू आहे. टाटांचं खोपोलीचं पॉवरहाऊस. वर लोणावळ्याकडे वळवण, लोणावळा आणि शिरवटा हे तलाव. तिथलं पाणी मोठाल्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. आत जातं ते पाणी: हा झाला 'पॅरामीटर', तुझे १५ किलोमीटर. बाहेर येते ती वीज.

आता विचार कर. त्या पॉवरहाऊसमध्येच एक बल्ब आहे. टर्बाइन फिरलं, बल्ब लागला. आत उभ्या असलेल्या माणसाला उजेड दिसला, वीज तयार झाली यात शंका नाही. पण पॉवरहाऊसपासून मुंबईपर्यंतची तारच टाकली नसेल, तर परळच्या गिरणीतला माग फिरेल का? तो मालक म्हणेल, "माझ्याकडे काहीच आलं नाही." आणि तो खोटं बोलत नसेल.

बल्ब म्हणजे 'प्रिंट'. तार म्हणजे 'रिटर्न'.

तुझ्या फंक्शनने ३४० काढले, स्क्रीनवर दाखवले, आणि रिकाम्या हाताने परत आलं. ज्या 'एकेरी' डब्यात तू उत्तर ठेवायला गेलीस, त्या डब्याला तारेने काहीच मिळालं नाही. पायथनमध्ये रिटर्न लिहिलं नाही तरी फंक्शन परत येतंच, पत्त्याची काळजी भाषा घेते. फक्त येताना हातात 'नन' असतं. म्हणून फंक्शनच्या शेवटच्या ओळीत 'प्रिंट' काढ आणि तिथे 'रिटर्न' लिही. छापायचं काम बाहेर, मुख्य प्रोग्रॅममध्ये कर.

पॉवरहाऊसमधून आणखी एक गोष्ट बाहेर पडते, ती राहायला नको. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेत सोडतात. वीज हवी होती म्हणून हे सगळं बांधलं, पण त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला पाणी राहिलं, आणि त्या पाण्यावर पुढे कारखाने उभे राहिले. प्रोग्रॅमिंगमध्ये याला 'साइड इफेक्ट' म्हणतात. वाईटच असतो असं नाही. स्क्रीनवर छापणं हासुद्धा साइड इफेक्टच. फक्त फंक्शन वापरणाऱ्याला तो माहीत असला पाहिजे. खाली नदीकाठी राहणाऱ्याला वरून पाणी कधी सुटणार हे माहीत असावं लागतं, तसंच.

व्हीलरने १९५२ साली सबरूटीनवर एक छोटा निबंध वाचला होता. त्यात एक मुद्दा आहे, तो मी माझ्या टीममधल्या नव्या मुलांना नेहमी सांगतो. तुकडा लिहिणं आणि तपासणं झालं तरी काम संपत नाही. आतलं काहीही माहीत नसलेल्या माणसाला तो सहज वापरता येईल असं त्याचं वर्णन लिहायचं असतं, आणि कदाचित तेच सगळ्यात अवघड असतं. माझ्या त्या ९ कॉप्यांच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीचंही वर्णन नव्हतं. ड्रायव्हरकाकांच्या वहीत प्रत्येक रकान्याच्या वर नाव लिहिलेलं होतं.

हे सगळं मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन तुकड्यांत पाठवलं, नेटवर्कची कृपा. काल रात्री उत्तर आलं. स्क्रीनवर ६८०. जाऊन-येऊन भाडं. फी भरली की नाही ते तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. खाली नवा प्रश्न होता: "दादा, फंक्शनच्या आत केलेला डबा बाहेर सापडत का नाही?"

म्हणजे पुढच्या भागाचा विषय ठरला. तोवर एक करा. तुमचं स्वतःचं 'भाडं' लिहा, आधी 'प्रिंट'ने, मग 'रिटर्न'ने, आणि दोन्ही वेळा उत्तराची दुप्पट करून बघा. एरर आला तर स्क्रीनशॉट पाठवा. हा हॉर्न ऐकलात? बँकर लागलं बहुतेक. भेटू.